फिरती प्रशिक्षण प्रयोगशाळा : पाना कोणाच्या हाती?

पेरणी यंत्राच्या पेटीत बियाणे भरावे, ट्रॅक्टर सुरू करावा आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर दोन ओळींत दाणाच पडलेला नाही असे आढळावे, हा प्रसंग देशातील असंख्य शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. बिघाड बहुधा क्षुल्लक असतो. नळीत ओली माती अडकलेली असते, साखळी सैल झालेली असते किंवा बियाणे सोडणारी चकती झिजलेली असते. परंतु वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो आणि तेवढ्या अवधीत दोष ओळखणारा माणूस गावात सापडत नाही. तालुक्याच्या मेकॅनिककडे त्या आठवड्यात रांग लागलेली असते.

2014-15 मध्ये कृषी यांत्रिकीकरणाचे केंद्रीय उपअभियान सुरू झाले. अनुदान मिळाले, अवजारे भाड्याने देणारी केंद्रे उभी राहिली, आणि लहान शेतकऱ्यालाही रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र यांचा वापर शक्य झाला. यंत्र चालविणारा आणि दुरुस्त करणारा माणूस मात्र त्या वेगाने तयार झाला नाही. यंत्राच्या खरेदीची पावती असते, छायाचित्र असते, उद्दिष्टपूर्तीच्या तक्त्यात त्याला जागा असते. कुशल हाताला अशी जागा नाही.

प्रशिक्षणाची सोय देशात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था 1955 पासून कार्यरत आहे. हरियाणातील हिसार, आंध्र प्रदेशातील गार्लादिन्ने आणि आसाममधील विश्वनाथ चारिआली येथेही तिच्या भगिनी संस्था आहेत. 1974 मध्ये पुदुच्चेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले आणि आज अशी 730हून अधिक केंद्रे आहेत. ‘करून शिकणे’ हे त्यांच्या स्थापनेमागील सूत्रच होते. तरीही एक साधा प्रश्न उरतो : घर सोडून आठ-पंधरा दिवस प्रशिक्षणाला कोण जाऊ शकतो? ज्याच्या शेतावर दुसरा माणूस आहे, तो जातो. रोजंदारीवर ट्रॅक्टर चालविणारा तरुण जात नाही, कारण आठवड्याची मजुरी बुडते. दोन गाई आणि शाळेत जाणारी मुले सांभाळणारी स्त्री जात नाही. यंत्राला प्रत्यक्ष हात लावणारी माणसे बहुतांशी हीच आहेत. म्हणजे प्रशिक्षणाची इमारत एका ठिकाणी आणि प्रशिक्षणाची गरज दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विसंगती आहे.

फिरत्या प्रशिक्षण प्रयोगशाळेचे समर्थन या विसंगतीतूनच निर्माण होते. कल्पना नवी नाही. 1906 मध्ये अमेरिकेतील टस्कीगी संस्थेने ‘जेसप वॅगन’ ही शेतीशाळेची गाडी रस्त्यावर आणली. तिची आखणी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाला हे नाव घरच्यासारखे झाले आहे. जनावरांनी ओढलेल्या त्या गाडीत नांगर होते, बियाणे होते, दुधातील मलई वेगळी करण्याचे यंत्र होते. त्या काळच्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्याला संस्थेपर्यंत येणे परवडत नव्हते, म्हणून संस्था त्याच्या बांधापर्यंत गेली. पण या गाडीचा खरा विशेष निराळा आहे. तिच्यावर काम करणारे थॉमस कॅम्पबेल यांची त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषी खात्याने विस्तार कार्यकर्ता म्हणून नेमणूक केली. गाडीबरोबर माणसाचीही कायमची व्यवस्था झाली. आपल्याकडे नेमका हाच भाग विसरला जातो. वाहनाच्या खरेदीसाठी निधी उभा राहतो. त्यात बसणाऱ्या निदेशकाचे पद मात्र हंगामी राहते, इंधनाची तरतूद अपुरी असते, आणि लोकार्पणाची फीत कापून झाल्यावर गाडी आवाराच्या कोपऱ्यात उभी राहते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. फिरती प्रयोगशाळा पाहता पाहता प्रदर्शनाचा रथ बनते. बाजूला रंगीत फलक, मागे दूरचित्रवाणी संच, ध्वनिक्षेपकावर माहिती, हाती घडीपत्रिका. तासाभरात दोनशे माणसे ‘लाभान्वित’ होतात आणि गाडी पुढच्या गावाकडे निघते. जनजागृती म्हणून याचे मोल आहे, यात शंका नाही. परंतु त्याला कौशल्य प्रशिक्षण म्हणू नये. ज्या गाडीतून उतरताना शिकणाऱ्याच्या हाताला ग्रीस लागलेले नाही, ती प्रयोगशाळा नव्हे.

हाताने शिकणे म्हणजे काय, हे फवारणी पंपाच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. पाठीवरच्या पंपात स्वच्छ पाणी भरून नोझलखाली मोजपात्र धरले आणि एका मिनिटात 600 मिलिलिटर पाणी जमा झाले, असे समजा. फवारणारा मिनिटाला 40 मीटर चालतो आणि फवाऱ्याचा पट्टा अर्ध्या मीटरचा आहे. म्हणजे मिनिटाला 20 चौरस मीटर क्षेत्र भिजते आणि हेक्टरला 300 लिटर द्रावण लागते. आता त्याच पंपाला झिजलेले नोझल बसवावे. मोजपात्रात 900 मिलिलिटर पाणी येते, हेक्टरी द्रावण 450 लिटरवर जाते, आणि औषध दर लिटरच्या प्रमाणात मिसळले असेल तर त्याच क्षेत्रावर दीडपट विष पडते. हे गणित फळ्यावर लिहून दाखविले तर ऐकणारा मान डोलावतो. त्याने स्वतः पाणी मोजले, स्वतः पावले मोजली आणि दोन नोझल आलटून-पालटून बसविले, तर तो घरी गेल्यावर आपल्या पंपाचे नोझल काढून पाहतो. त्यासाठी लागते काय? दहा पंप, एक मोजपात्र, टेप, घड्याळ आणि डबाभर नवी-जुनी नोझल. भव्य वाहनाची गरज नाही. जीपला जोडलेला ट्रेलरही पुरेसा होतो.

या गणितामागे माणसांचे जीव आहेत. 2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेली कपाशी, औषधांची एकत्र मिश्रणे आणि संरक्षक साधनांचा अभाव यांची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. कीटकनाशके नियम, 1971 मध्ये सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची जबाबदारी उत्पादक, वितरक आणि फवारणी व्यावसायिकांवर टाकलेली आहेच. तथापि फवारणीचे काम पुष्कळदा मजूर करतो आणि प्रशिक्षणाच्या यादीत सातबारा ज्याच्या नावावर आहे तो बसतो. गावाच्या चौकात उभी राहणारी गाडी ही यादी बदलू शकते, पण ती आपोआप बदलत नाही. गाडी सकाळी अकराला आली तर मजूर शेतावर गेलेला असतो. ती पहाटे किंवा संध्याकाळी यावयास हवी, अथवा त्या दिवसाच्या मजुरीची भरपाई द्यावयास हवी. वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीने आखले, तर मंडपात पुन्हा तीच ओळखीची दहा माणसे दिसतील.

पेरणी यंत्राचेही असेच. यंत्राची कार्यरुंदी 2 मीटर आणि चाकाचा परीघ सव्वा मीटर असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात अडीच चौरस मीटर क्षेत्र पेरले जाते. चाक उचलून 40 फेरे फिरविले की 100 चौरस मीटरचे बियाणे खालच्या ताडपत्रीवर जमा होते. सोयाबीनसाठी हेक्टरी 75 किलो बियाणे ठरविले असेल, तर ते 750 ग्रॅम भरावयास हवे. किलोभर भरले तर शेतकऱ्याचे महागडे बियाणे वाया चालले आहे, हे अंगणातच कळते. मळणी यंत्राच्या बाबतीत तर प्रश्न बोटांचा आणि हातांचा आहे. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा 1983 पासून अस्तित्वात आहे, पण पेंढी सरकविण्याच्या झाकलेल्या तोंडाचे महत्त्व कायद्याच्या प्रतीतून पटत नाही; यंत्र बंद ठेवून, त्या तोंडात लाकडी हात घालून, तो कुठवर पोहोचतो हे दाखविले की पटते.

या कल्पनेच्या मर्यादाही मान्य कराव्या लागतील. इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधणे, कंबाइन हार्वेस्टरची देखभाल, विद्युत मोटरचे रिवाइंडिंग या गोष्टी दोन दिवसांत आणि ट्रेलरवर शिकविता येत नाहीत. त्यासाठी बुदनी, हिसारसारख्या संस्थाच हव्यात. गाडीचे काम पहिली पायरी बांधण्याचे आणि ज्याच्या हातात उपजत कसब आहे त्याला हेरून पुढे धाडण्याचे आहे. 2023च्या अखेरीस मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत 15,000 स्वयंसहाय्यता गटांचे लक्ष्य आहे आणि निवडलेल्या महिलेला 15 दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. कुटुंबातील दुरुस्तीची आवड असलेल्या व्यक्तीला ड्रोन साहाय्यक म्हणून तयार करण्याचाही विचार त्यात आहे. हा विचार योग्यच आहे. पंखा मोडल्यावर किंवा नोझल तुंबल्यावर ती महिला कोणाला विचारणार, याचे उत्तर मात्र पंधरा दिवसांनंतरच्या काळात शोधावे लागेल, आणि तेथे फिरत्या प्रयोगशाळेची फेरी उपयोगी पडेल.

फेरी हा येथे कळीचा शब्द आहे. एकदा येऊन गेलेली गाडी आणि तीनदा आलेली गाडी यांत मोठे अंतर असते. पेरणीच्या तीन आठवडे आधी पेरणी यंत्रासाठी, फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पंपांसाठी, आणि काढणीपूर्वी मळणी यंत्रासाठी ती त्याच गावांत, त्याच बारा-पंधरा माणसांकडे यावयास हवी. शंभर गावांना एकेक भेट देण्यापेक्षा तीस गावांना तीन-तीन भेटी अधिक फलदायी ठरतील. अहवालात गावांची संख्या घटलेली दिसेल, एवढाच काय तो तोटा. गावातील वेल्डिंगवाला किंवा पंप दुरुस्त करणारा यांना पहिल्या भेटीपासून सोबत घेतले, तर गाडी निघून गेल्यावरही पाना गावातच राहतो. पुष्कळ ठिकाणी हीच माणसे प्रशिक्षणातून वगळली जातात, कारण ती कोणत्याच योजनेच्या व्याख्येत ‘शेतकरी’ नसतात.

प्रयोगशाळेच्या नोंदवहीचाही विचार त्यासाठी बदलावा लागेल. आज तिच्यात नाव, गाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि सही एवढे रकाने असतात. आणखी दोन रकाने आखावेत : प्रशिक्षणार्थ्याने स्वतःच्या हाताने कोणते काम पूर्ण केले, आणि सहा महिन्यांनी तो ते काम करीत आहे का. दुसरा रकाना भरण्यासाठी कोणाला तरी त्या गावात पुन्हा जावे लागेल.