एका पट्ट्याची साक्ष

खळ्यावर माप होते. नव्या बियाण्याच्या पट्ट्यातील ज्वारी जुन्यापेक्षा जास्त भरते. जमलेली मंडळी माना डोलावतात आणि प्रात्यक्षिक यशस्वी झाल्याची नोंद वहीत होते. परंतु दोन्ही पट्ट्यांत जुनेच बियाणे पेरले असते, तर दोन्हीकडचे माप सारखे आले असते काय? कोणताही जाणता शेतकरी सांगेल की, आले नसते. बांधाकडची जमीन खोल असते, उताराकडची धुपलेली असते. कोठे पूर्वी उकिरडा होता, तर कोठे बाभळीची सावली पडते. शेतकऱ्यास वर्षभर ठाऊक असलेली ही गोष्ट प्रात्यक्षिकाच्या दिवशीच विसरली जावी, हे नवल होय.

या प्रश्नाचे शास्त्र शेतातच वाढले. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. तेथे १९१९ मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी अशा प्रयोगांची मांडणी व पारख यांचे नियम बसविले. भारतात डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाद्वारे ते कृषि कार्यकर्त्यांच्या हाती दिले. त्यातील गणित मोठे असले, तरी मूळ विचार चावडीवर समजावून देता येण्याजोगा आहे.

प्रथम असे गृहीत धरावयाचे की, नव्या बियाण्यात काहीच विशेष नाही. यास शून्य परिकल्पना म्हणतात. मग विचारावयाचे की, हे गृहीत खरे असूनही हाती आला तसा निकाल केवळ योगायोगाने किती वेळा येईल? समजा, शेतात शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या सहा जोड्या आखल्या. प्रत्येक जोडीत नवे बियाणे कोणत्या पट्ट्यात पेरावयाचे हे नाणे उडवून ठरविले. माणसाने ठरविले तर हात नकळत चांगल्या जमिनीकडे वळतो. नाण्यास पक्षपात नाही. बियाण्यांत फरकच नसेल, तर प्रत्येक जोडीत नवे सरस ठरण्याचा संभव निम्मा. सहाही जोड्यांत ते सरस ठरण्याचा संभव मग ६४ त एक. इतका दुर्मिळ योगायोग मानण्यापेक्षा बियाण्यात गुण आहे असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

सहापैकी पाच जोड्या जिंकल्या तर? पाच किंवा अधिक जोड्या जिंकण्याचे प्रकार ६४ पैकी ७, म्हणजे सुमारे नवात एक. कानास पाच हा आकडा मोठा वाटतो. पुरावा मात्र तितका भक्कम नाही. चारच जोड्या असतील तर चारही जिंकूनसुद्धा संभव सोळात एक उरतो. एकाच जोडीवर विसंबणारे प्रात्यक्षिक तर नाणेफेकीहून अधिक काही सांगत नाही.

फिशर यांनी १९२५ मध्ये विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचविली. तो सृष्टीचा नियम नव्हे. जेथे महागड्या द्रव्यासाठी कर्ज काढावे लागते, तेथे कसोटी याहून कडक ठेवणेच न्याय्य आहे. शिवाय ही मर्यादा धरून एखाद्या निरुपयोगी औषधाची वीस गावांत परीक्षा घेतली, तर सरासरीने एका गावी ते उत्तीर्ण होणारच. जाहिरातीत छायाचित्र छापले जाते ते नेमके त्याच गावचे. उरलेल्या एकोणीस गावांचे काय झाले, हे विक्रेत्यास विचारण्याचा हक्क शेतकऱ्याने सोडता कामा नये.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक असते. थोड्या जोड्या, त्यात पावसाने दिलेली ओढ, अशा वर्षी चांगले वाणही कसोटीस उतरत नाही. फरक सिद्ध झाला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. अशा वाणास वहीतून खोडून टाकण्यापेक्षा पुढील हंगामात अधिक जोड्या लावणे शहाणपणाचे. आणि फरक सिद्ध झाला तरी तो किती, हा हिशेब वेगळाच. वाढलेल्या धान्याची किंमत वाढीव खर्चाहून कमी असेल, तर ६४ त एक या आकड्याने शेतकऱ्याचे कणगे भरत नाही.

यावर आक्षेप येईल की, गावातील प्रात्यक्षिक म्हणजे काही संशोधन केंद्र नव्हे. ते खरे आहे. केंद्रावर पारखलेली रीत दाखवावयाची असेल, तर एक पट्टा पुरेसा आहे; कारण तेथे काय करावे हे शिकवावयाचे असते. पण हे वाण या गावच्या जमिनीत सरस ठरते की नाही, हे ठरवावयाचे असेल तर तो प्रयोग झाला आणि त्यास प्रयोगाचेच नियम लागू होतात. कार्यकर्ते या दोहोंत गल्लत करतात आणि दोन-तीन हंगामांनंतर गाव त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवीनासे होते.

म्हणून वहीत पेरणीपूर्वीच लिहून ठेवावे की, काय तपासावयाचे, जोड्या किती आणि किती जिंकल्यास वाण सरस मानावयाचे. पीक पाहून मागाहून नियम बदलू नयेत. कापणीनंतर सहाही जोड्यांचे वजन वेगवेगळे नोंदवावे, हरलेल्या जोड्यांचेही.