ढगातले बाण कुणी मोजले?

गडगडाटी वादळाच्या तीन अवस्था विचारा, मुलं घडाघडा सांगतात. आकृतीतले वर जाणारे आणि खाली येणारे बाणसुद्धा बिनचूक काढतात. पण हे बाण कळले कसे, हे आपण सांगतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की ते सांगितल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही. नाहीतर मुलांना वाटतं, पुस्तकातलं सगळं कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलंय.

खरी गोष्ट अशी. १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली ‘थंडरस्टॉर्म प्रोजेक्ट’ झाला. युद्धकाळातली पी-६१ ब्लॅक विडो विमानं पाच वेगवेगळ्या उंचींवरून एकाच वादळी ढगात घुसवायची, खालून रडारने लक्ष ठेवायचं. आणि वैमानिकाला सूचना काय? उंची टिकवायला धडपडू नका! वारा वर नेईल तर वर जा, खाली ढकलेल तर खाली या. एरवी वैमानिक शिकतो त्याच्या अगदी उलट. कारण विमान किती वर-खाली गेलं यावरूनच आतला उभा वारा काढायचा होता. मधले जोराचे हिसके म्हणजे हवेची खळबळ, तीही नोंदली जायची. थोडक्यात, विमान हेच मोजमापाचं यंत्र, आणि त्यात माणसं बसलेली. १९४९ च्या त्यांच्या अहवालातून त्या तीन अवस्था आपल्यापर्यंत आल्या.

आडवा वारा मोजणं म्हणजे तर आपलं सापेक्ष वेगाचं गणित. जमिनीच्या संदर्भात विमान ताशी ४०० किमी जातंय, भोवतालच्या हवेच्या संदर्भात ३६०, दिशा एकच. म्हणजे पाठीमागून ४० चा वारा. नदीतल्या होडीचं उदाहरण किती वर्षं उगाळायचं? (होडीत बसलेली मुलं तरी वर्गात किती असतात!)

‘पोर्शन संपत नाही, हे कधी सांगू?’ असं सहकारी म्हणतात. अहो, दहा मिनिटं लागतात. आपल्या पुण्याच्या आयआयटीएमनेही २००९ पासून ‘कायपीक्स’ मोहिमेत ढगांमध्ये विमानं पाठवली आहेत, तेही त्यातच सांगून होतं.

पालकांनी तर वळीव यायची वाट बघावी. पाऊस पडायच्या आधी अंगणात एकदम गार वाऱ्याचा झोत येतो ना, तेव्हा पोराला बाहेर बोलवा. आकृतीतला खाली येणारा बाण जमिनीवर आपटून पसरतो, तो हाच.