ध्येयाचा बागुलबुवा

मुलांसाठी म्हणून काढलेला चित्रपट मरणाच्या दारापासून सुरू व्हावा आणि ध्येयाची महती गाण्याऐवजी तिच्याविषयीच शंका घ्यावी, हे आमच्या सुज्ञ पालकांना रुचणार नाही. पिक्सारचा ‘सोल’ (२०२०) हा ॲनिमेशनचा चित्रपट नेमका तसा आहे. आणि म्हणूनच तो गिरगाव-दादरच्या घराघरांत पाहिला जावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

न्यूयॉर्कमधला ज्यो गार्डनर हा शाळेतला संगीतशिक्षक. नामवंतांच्या मेळात पियानो वाजवण्यासाठीच आपला जन्म, अशी त्याची समजूत. ती संधी येते त्याच दिवशी तो उघड्या मॅनहोलमध्ये पडतो आणि जन्माची वाट पाहणाऱ्या आत्म्यांच्या लोकी पोचतो. तिथल्या ‘बावीस’ नावाच्या हट्टी आत्म्याला जन्मच नको आहे. मदर तेरेसांनीही त्याच्यापुढे हात टेकलेले! हाच आत्मा चुकून पृथ्वीवर येतो आणि पिझ्झ्याचा तुकडा, झाडावरून गिरक्या घेत उतरलेले बी, एवढ्यावर जगण्याला लुब्ध होतो. इकडे ज्योची मैफल रंगते, पण ती संपल्यावर त्याला रितेच वाटते. जगण्याची ठिणगी म्हणजे जन्माचे प्रयोजन नव्हे, एवढेच या चित्रपटाचे म्हणणे.

आमच्याकडे मात्र फराळाला आलेला पाहुणा दहा वर्षांच्या पोराला विचारतो, ‘मोठेपणी कोण होणार?’ ‘डॉक्टर’ म्हटले की शाबासकी. ‘ठाऊक नाही’ म्हटले की आईचा चेहरा पडतो.

कुणी म्हणेल, ही चैन अमेरिकेला परवडते. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत नाही. १९८२च्या संपानंतर ज्यांच्या चुली थंडावल्या त्यांना हे सांगून पाहा! आक्षेप वजनदार आहे. मुलाला धंदा शिकवावा, जरूर शिकवावा. पण गिरणी गेली तेव्हा धंदा गेला, माणसाची किंमत गेली नव्हती. धंदा म्हणजेच आपण, असे ज्याच्या मनावर बिंबवले, त्याने धंदा बुडाल्यावर कुणाच्या तोंडाकडे पाहावे?

घरचाच दाखला हवा तर दादासाहेब फाळके घ्या. चित्रकला, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, जादूचे प्रयोग, छापखाना! आज असा मुलगा आपल्या घरात असता तर ‘याचे कशातच धड नाही’ हा शेरा ठरलेला. गिरगावात ख्रिस्तजीवनावरचा चित्रपट पाहून ते भारावले, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर दाखवली. १९१३ साली गिरगावच्याच कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. आधीच्या त्या धरसोडीतले काय वाया गेले?

वाटाण्याला कुणी ध्येय विचारले नव्हते. पाणी मात्र वेळेवर घातले होते. पालकहो, या सुट्टीत हा चित्रपट मुलांना शेजारी घेऊन पाहा. आणि कृपा करून, तो संपल्यावर तात्पर्य सांगत बसू नका.