देवघराचा वास? हो, आणि परफ्युमचाही!

सकाळची कर्जत लोकल पकडण्याआधी अंगावर भसाभस डिओ मारता ना? का, तर घरातून निघताना कपड्यांना ऊदाचा वास लागलेला असतो. वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘काय रे, थेट देवघरातून आलास?’ कोंडाण्यासारख्या गावातून येणाऱ्याला हा टोमणा जरा जास्तच लागतो.

आता गंमत बघा. एखाद्या भारी परफ्युमची माहिती वाचा. ‘बेस नोट’मध्ये बऱ्याचदा ‘बेंझोइन’ दिसेल. बेस नोट म्हणजे लिंबू, फुलं वगैरे वरचे वास उडून गेल्यावरही तासन्‌तास अंगावर रेंगाळणारा वास. आणि बेंझोइन म्हणजे आपला ऊद! गोडसर, उबदार, थोडा व्हॅनिलासारखा. त्यात थोडं व्हॅनिलिन असतंच.

गल्लत मात्र करू नका. महागड्या बाटलीवरचं ‘ऊद’ हे अरबी नाव, ते अगरूचं लाकूड. आपल्या पुडीतला ऊद म्हणजे सुमात्रा, लाओसकडच्या स्टायरॅक्स झाडांचा डिंक. सालीवर खाचा पाडायच्या, पाझरलेला डिंक वाळला की काढून घ्यायचा. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’ म्हणत, म्हणजे जावाचा लोबान. युरोपात पोहोचेपर्यंत पुढचा ‘लु’ गळाला आणि त्याचं बेंझोइन झालं.

सायन्सवाल्यांनो, पुढचं तुमच्यासाठी. या डिंकातून मिळालं म्हणून बेंझोइक ॲसिड. १८३३ मध्ये मिट्शरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने त्या ॲसिडपासून जो द्रव काढला, त्याच्या नावातून आलं बेंझिन. म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्रीत छळणारा तो षटकोन आपल्या धुपाटण्याचा नातेवाईक निघाला!

म्हणून घरभर धूर करा, असं मी म्हणत नाही. बंद खोलीत आणि तान्ह्या बाळाजवळ धुरी नकोच, हे आजीला प्रेमाने समजावून सांगायला हवं. पण धूर वेगळा, वास वेगळा. खरं तर खिल्ली वासाची उडवली जात नाही, ज्या घरातून, ज्या गावातून तो येतो त्याची उडवली जाते. नाव इंग्रजी झालं, किंमत चार आकडी झाली की तोच वास ‘क्लासी’ ठरतो.

तेव्हा डिओ मारायचा तर आवडतो म्हणून मारा, लपवायला नको. आणि पुन्हा कुणी विचारलं तर बिनधास्त सांगा, ‘ऊद आहे. तुझ्या परफ्युममध्येही असेल, वाचून बघ!’