गाडीची वही

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. म्हसोबाच्या दर्शनाइतकीच तिची कीर्ती बैलबाजारासाठी आहे. या बाजारात एकदा तासभर नुसते उभे राहून पाहावे. गिऱ्हाईक आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहते. मग खूर पाहते, खांद्यावर थाप मारते, दहा पावले चालवून आणते. विकणारा कितीही गोड बोलो, दात पाहिल्याशिवाय इसार कोणी देत नाही.

आणि हाच शहाणा माणूस जुनी गाडी घ्यायला जातो तेव्हा काय पाहतो? सीटकव्हर पाहतो. टेप वाजतो का ते पाहतो. रंग चकचकीत असला की पैसे मोजून मोकळा होतो. आम्ही हे कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच घरात हे घडले आणि त्याची किंमत मोजावी लागली, म्हणून लिहितो.

आमच्या मावशीचे घर म्हशाजवळच्या एका वाडीत आहे. तीन मुलगे. थोरला मुरबाडच्या एमआयडीसीत, मधला वीटभट्टीवर ट्रॅक्टरवर, धाकटा मिळेल ते काम करतो. थोरली सून अंगणवाडी सेविका. मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कल्याण गाठावे लागू लागले. एसटीचा प्रवास त्यांना झेपेना, भाड्याची गाडी परवडेना. तेव्हा तिघा भावांनी पैसे गोळा करून २०२३ साली एक जुनी व्हॅन घेतली. २०१० ची ओमनी.

निवड वाईट नव्हती. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. पण सुटे भाग मिळतात आणि तालुक्याचा मेकॅनिकही तिला हात लावतो. मागे आजारी माणूस आडवा निजू शकतो. वाडीतल्या किती बायाबापड्या त्या गाडीने दवाखान्यात पोचल्या! गाडी दारात उभी राहिली तेव्हा मावशीने पेढे वाटले होते.

पुढे एका मंगळवारी धाकटा काकांना घेऊन निघाला. मुरबाड सोडल्यावर तापमानाचा काटा चढू लागला. त्याने पाहिले, पण दवाखान्याची वेळ टळत होती. त्याला वाटले, एवढे अंतर जाईल. रायत्याच्या पुलाच्या अलीकडे इंजिनातून वाफ आली आणि गाडी बंद पडली. रस्त्याच्या कडेला काका धापा टाकत बसले. दीड तासाने एका दुधाच्या टेम्पोवाल्याने त्यांना कल्याणला पोचवले. त्या दिवशी काका वाचले ते त्या अनोळखी माणसामुळे.

गाडी ओढून गॅरेजात आणली. रेडिएटरची रबरी नळी फुटली होती. ती अडीचशे रुपयांची वस्तू. पण तापलेली गाडी तशीच दामटल्याने इंजिनाचे हेड वाकले, गॅस्केट गेले. बिल झाले चौदा हजार. मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, "शेवटचे सर्व्हिसिंग कधी केले होते?"

तिघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. थोरल्याला वाटत होते, मधल्याला यंत्रातले कळते, तो पाहत असेल. मधल्याला वाटत होते, चालवतो धाकटा, तोच पाहील. धाकट्याला वाटत होते, पैसे थोरल्याकडे, तो सांगेल तेव्हा करू. पाण्याच्या जागी बोअरचे पाणी ओतले जात होते. ऑइल कधी बदलले, कुणालाच सांगता येईना. मग घरी जे भांडण झाले ते इथे लिहीत नाही. दोन महिने भावाभावांत बोलणे नव्हते आणि काका भाड्याच्या रिक्षाने जात होते.

आम्ही समजूत घालायला गेलो. काका खाटेवर पडून ऐकत होते. तरुणपणी त्यांनी दुसऱ्यांचे बैल सांभाळले आहेत. ते म्हणाले, "बैल थकला की मान टाकतो. ह्या गाडीनंबी सांगितलं होतं. काटा वर गेला, म्हणजे तिनं मान टाकली. आपल्यालाच ऐकू आलं नाही."

तेवढ्यात वहिनी आतून बाहेर आल्या. त्या आम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या अंगणवाडीत प्रत्येक पोराचं वजन महिन्याला वहीत लिहितो. पोर वाळायला लागलं की वही आधी सांगते. गाडीची वही का नको?"

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्यभर कचेरीत रकाने आखत आलो. 'घसारा' हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी वहिनींनी शिकवला. वस्तू उभी असली तरी झिजते, आणि झीज लिहून ठेवली नाही तर ती एक दिवस सगळी एकदम वसूल होते. आम्ही शंभर पानी वही आणली आणि रकाने आखून दिले: तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय बदलले, किती रुपये, कोणी पाहिले.

त्या वहीत काय असते ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

दर रविवारी पाव तास. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. ओमनीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलल्याशिवाय ते दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून कोणी पाहत नाही. ऑइलची काडी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. तेलाची खूण दोन रेघांच्या मध्ये हवी. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले समजावे आणि गाडी चालवू नये. मग कूलंटची पातळी. कूलंटने पाणी उशिरा उकळते आणि आतून गंज धरत नाही; बोअरच्या जड पाण्याने मात्र रेडिएटरमध्ये क्षार साचतात. रेडिएटरचे झाकण गाडी गरम असताना कधीही उघडू नये. आतली वाफ दाबाखाली असते, तोंड-हात भाजतात. नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. फुगलेली, भेगाळलेली किंवा फार मऊ झालेली नळी फुटण्याची वाट पाहू नये. पेट्रोलच्या नळ्याही तपासाव्यात. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते.

दर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल तेव्हा ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा. गाडी कमी चालते म्हणून तेल जुने होत नाही, हा गैरसमज आहे. आपल्याकडे भट्ट्यांची आणि रस्त्याची धूळ फार, म्हणून एअर फिल्टर मध्येच काढून झटकावा. या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला की गाडी जागेवर थांबते. पूर्वीच्या मालकाने तो कधी बदलला याची पावती नसेल तर बदलून घ्यावा आणि तारीख लिहावी.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. पायाखाली ब्रेक मऊ लागला तर त्याच दिवशी दाखवावा. माळशेज घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे. सारखा ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर वयाने कडक होते. जुना टायर घेताना हे आकडे वाचावेत, जसे बैलाचे दात.

पावसाळ्यात मोरीवरून पाणी वाहत असेल तर थांबावे. जोराच्या पावसात रायत्याचा पूलही पाण्याखाली जातो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नये. इंजिनात पाणी ओढले जाते. ती ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला बोलवावे.

काटा चढला तर काय करायचे, हे वहीच्या पहिल्याच पानावर वहिनींनी मोठ्या अक्षरात लिहिले आहे: कडेला घ्या, इंजिन बंद करा, झाकण उघडू नका, थंड होऊ द्या, दुसरी गाडी बोलवा. दवाखान्याची घाई असेल तेव्हा तर नक्कीच थांबा. धाकट्याचा दोष तेवढाच होता असे आम्ही म्हणणार नाही. त्या मंगळवारी तो वडिलांसाठी धावत होता. चूक त्याआधीच्या दीड वर्षात झाली होती आणि ती तिघांची होती.

आता कागदाचे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. दिल्लीच्या बातम्या ऐकून आपल्याकडेही पुष्कळांना वाटते की त्यानंतर गाडी भंगारात. तसे नाही. आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मात्र त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. मुदत संपत आलेली गाडी स्वस्त का मिळते, त्याचे उत्तर यात आहे. आमच्या भावांनी घेताना आरसी बुकावरची तारीख वाचलीच नव्हती. गाडी आपल्या नावावर करून घेणेही विसरू नये. दुसऱ्याला झालेल्या इजेपुरता विमा कायद्याने सक्तीचा आहे. मधल्याने यात्रेत चार पैसे मिळतात म्हणून सीट भरायला सुरुवात केली होती. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडे मारणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. नडलेल्याला दवाखान्यात नेणे निराळे, भाडे मारणे निराळे.

पैशाचे म्हणाल तर, तिघे दरमहा पाचशे-पाचशे रुपये डब्यात टाकतात. वर्षाचे अठरा हजार होतात. त्यात ऑइल, विमा, पीयूसी, किरकोळ नळ्या-पट्टे बसतात आणि थोडे टायरसाठी उरतात. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण पै-पैचा मांडतो, तसाच हा. डबा आणि वही वहिनींकडे आहे. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण काडी कशी पाहायची ते आता वाडीतल्या पोरांना त्याच शिकवतात.

परवा आम्ही वही उघडून पाहिली. दीड वर्षाची पाने भरली आहेत. 'कोणी पाहिले' या रकान्यात तिन्ही भावांची नावे पाळीपाळीने येतात. मध्ये एका रविवारी तिघेही कामावर होते. त्या ओळीत वाकड्यातिकड्या अक्षरांत काकांची सही आहे आणि पुढे लिहिले आहे: तेल बरोबर, पाणी बरोबर, उजवे पुढचे टायर कमी.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या दारातली गाडी, मोटारसायकल किंवा रिक्षा कष्टाच्या पैशाने आलेली असते. या रविवारी एक वही आणा आणि आजची तारीख घाला.