पेशीशिवाय प्रथिन बनतं का? हिंजवडीच्या लशीने अर्धी वाट कशी गाठली

मुळशी तालुक्यातलं हिंजवडी म्हटलं की आयटी पार्क आणि वाहतूक कोंडी आठवते. पण देशातली पहिली एमआरएनए लस याच हिंजवडीच्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने बनवली. 'जेमकोव्हॅक-१९'ला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

यात वेगळं काय?

इन्सुलिनसारखी प्रथिनं बनवायला जिवाणू किंवा यीस्ट टाक्यांत वाढवावे लागतात. त्यांना खाऊपिऊ घालायचं, संसर्गापासून जपायचं, मग प्रथिन वेगळं काढायचं. एमआरएनए मात्र डीएनएचा साचा, एन्झाइम आणि चार कच्चे घटक एकत्र केले की काही तासांत तयार होतो. (साचा बहुधा जिवाणूंतच वाढवतात, त्यामुळे जिवंत पेशी पूर्णपणे सुटत नाही.) प्रथिन नंतर लस घेणाऱ्याच्या शरीरात बनतं.

मग प्रथिनही थेट नळीत बनवता येईल?

येतं, आणि ही युक्ती जुनी आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिक मथाई यांनी ई. कोलाय जिवाणू फोडून त्यांचा रस घेतला. त्यात फक्त 'यू' हे एकच अक्षर असलेला आरएनए टाकला, तर फेनिलअलानिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. जनुकीय संकेताचा पहिला शब्द असा कळला. निरेनबर्ग यांना १९६८ चं नोबेल हरगोविंद खोराना आणि रॉबर्ट हॉली यांच्यासोबत मिळालं.

आज असा रस वाळवून कागदावर साठवता येतो. पाणी घातलं की काम सुरू. रोगनिदान चाचण्यांसाठी हे सोयीचं. पेशीला मारून टाकणारी विषारी प्रथिनंही यात बनवता येतात. अडचण खर्चाची आहे. शिवाय ऊर्जा काही तासांत संपते आणि अनेक औषधी प्रथिनांना लागणारी शर्करेची जोड जिवाणूंच्या रसात मिळत नाही.

हिंजवडीची लस साध्या फ्रीजच्या तापमानाला, २ ते ८ अंशांवर टिकते. फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ७० लागायचे. पण ती उशिरा आली. १७ जुलै २०२२ ला देशाने २०० कोटी डोसचा टप्पा ओलांडला होता. ओमिक्रॉनसाठीची सुधारित लस तर जून २०२३ मध्ये आली, तोवर केंद्रांवरच्या रांगा संपल्या होत्या. नव्या साथीत आरएनएचा मजकूर पटकन बदलता येईल, पण एन्झाइम, कच्चे घटक आणि हात बसलेली माणसं तोवर टिकवावी लागतील. मागणी नसताना तो खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न उरतो.