कातर कुणाच्या हातात?

वसईकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. होळी म्हणजे आमच्याकडे फक्त सण नव्हे, वसईगावातल्या बाजाराचंही ते नाव आहे. रिक्षात बसून ‘होळी’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर बाजारात आणून सोडतो. तिथल्याच एका गल्लीत माझ्या टेलरताईंचं दुकान आहे. तीन शिलाई मशिनं, एक ओव्हरलॉक, कटिंगचं टेबल आणि शिवायला बसणाऱ्या तीन मुली. ताईंच्या हाताला अशी सफाई की एकदा त्यांचा ब्लाउज घातलेली बाई दुसरीकडे जात नाही.

भाचीच्या लग्नाचे तीन ब्लाउज त्यांच्याकडे टाकले होते. दिलेल्या तारखेला गेले, तर दुकान उघडं पण मशिनं बंद. कपड्यांच्या पिशव्यांचा ढीग आणि तिन्ही मुली हात बांधून बसलेल्या.

‘‘ताईंना चिकनगुनिया झालाय. आठ दिवस झाले, कटिंगच झालं नाही,’’ एक जण म्हणाली.

‘‘अगं, तुम्ही चार-चार वर्षं इथे आहात. तुम्हाला कापता येत नाही का?’’

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यात मोठी हळूच म्हणाली, ‘‘येतं थोडं थोडं. पण कातर ताई घरी घेऊन जातात.’’

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. लग्नसराईचे ऐन दिवस, आणि सगळं दुकान एका कातरीपायी अडलेलं!

ताई पुढच्या आठवड्यात सुजलेल्या सांध्यांनी दुकानात आल्या आणि रात्री उशिरापर्यंत जागून कापत बसल्या. माझे ब्लाउज हळदीच्या आदल्या संध्याकाळी मिळाले. तेव्हा न राहवून मी म्हटलं, ‘‘ताई, एखादीला कटिंग शिकवा ना.’’

त्या एकदम म्हणाल्या, ‘‘वहिनी, ती चूक एकदा करून बसलेय. पोटच्या पोरीसारखं शिकवलं एकीला. दोन वर्षांत तिनं पलीकडच्या गल्लीत दुकान टाकलं आणि माझी निम्मी गिऱ्हाईकं घेऊन गेली. आता नाही.’’

मी गप्प बसले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एकट्या बाईनं उभं केलेल्या दुकानात हातातली कला हीच तिची तिजोरी असते. ती उघडून दाखवायची म्हणजे छाती लागते.

पण घरी आल्यावर मी हिशेब मांडून पाहिला. तिघी मुली मिळून दिवसाला बारा ब्लाउज सहज शिवतील. ताई मात्र माप घेणार, गिऱ्हाइकांशी बोलणार, अस्तर आणायला जाणार, आणि उरलेल्या वेळात कापणार. आठ कापून झाले तरी खूप. म्हणजे मशिनं तीन असोत की सहा, दुकान आठ ब्लाउजांचंच राहणार. ताई आजारी पडल्या की शून्याचं. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून कातर कुलपात ठेवायची आणि ब्लाउज वेळेवर मिळत नाही म्हणून तेच गिऱ्हाईक जायचं!

हे फक्त टेलरताईंचं नाही, मैत्रिणींनो. मसाले करणारी बाई मिश्रणाचं प्रमाण डोक्यात ठेवते. डबे पुरवणारी फोडणी दुसरीला देत नाही. पार्लरवाली नवरीचा मेकअप स्वतःच करते. ‘मी नसले की सगळं अडतं,’ हे आपण घरात अभिमानानं सांगतो, आणि तीच सवय धंद्यात घेऊन येतो. घरात त्या अभिमानाची किंमत आपल्या पाठीला मोजावी लागते. धंद्यात ती हाताखालच्या मुलींनाही मोजावी लागते.

अशा वेळी मला ‘लिज्जत’ आठवते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही गोष्ट आपण इतकी ऐकलीय की ८० रुपयांच्या पुढचं कुणी बघतच नाही. मला पुढचंच मोलाचं वाटतं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी, काम चालू! बायका वाढल्या आणि गच्ची पुरेना, तेव्हा मळलेलं पीठ घरी न्यायचं आणि लाटलेले पापड परत आणून द्यायचे अशी पद्धत पडली. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. तरी त्या थांबल्या नाहीत. आज तिथे ४० हजारांहून जास्त बहिणी काम करतात.

हे कसं जमलं? सातजणींनी सगळे पापड स्वतः लाटायचं ठरवलं असतं, तर त्या गच्चीबाहेर कधी गेल्याच नसत्या. त्यांनी पिठाचं प्रमाण, पापडाचा आकार आणि वाळलेल्या पापडाची तपासणी ठरवून टाकली. मग लाटणारा हात कुणाचा का असेना, चव तीच. शाखा सांभाळणारी संचालिकाही त्या बहिणींमधूनच पुढे येते. आणि काम करणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार असते. नफा तिचा, तसाच तोटाही तिचा.

आता कुणी म्हणेल, ती मोठी संस्था, आमचं आठ फुटांचं दुकान. मान्य. पण यातल्या दोन गोष्टी आठ फुटांतही मावतात. एक, डोक्यातलं कागदावर आणणं. दुसरी, मुलीला कामात वाटा देणं.

टेलरताईंचंच घ्या. मापं वहीत नीट लिहिली, नेहमीच्या मापांचे कागदी नमुने कापून ठेवले, तर निम्मं कटिंग तिथेच सोपं होतं. मुलीला आधी अस्तर कापायला द्यावं, मग सुती कापड. पैठणी, कांजीवरम सगळ्यात शेवटी. कापड बिघडलं तर भरून कोण देणार, हे आधीच बोलून ठेवावं. शिकताना झालेली चूक तिच्या पगारातून कापली, तर ती पुन्हा कातर उचलणार नाही. त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे दुकानानंच बाजूला टाकावेत. आणि आठवड्यातून एक दिवस दुकान सगळ्यात जुन्या मुलीवर सोपवावं. त्या दिवशी माप तिनं घ्यायचं, पैसे तिनं मोजायचे, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी तिनंच बोलायचं. ताईंनी घरी राहायचं आणि फोन करायचा नाही! हे सगळ्यात कठीण.

मग ती मुलगी सोडून गेली तर? जाईलही. न शिकवलेली मुलगीसुद्धा जातेच. लग्न होतं, विरारच्या कारखान्यात हजार रुपये जास्त मिळतात. शिकलेली टिकावी असं वाटत असेल, तर तिला टिकण्याचं कारण द्यायला हवं. ठरलेला पगार, ठरलेली सुट्टी, तिनं कापलेल्या प्रत्येक ब्लाउजमागे ठरलेले पैसे. आपण मात्र म्हणतो, ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे.’ घरच्यासारखी म्हणून दिवाळीला साडी देतो, आणि घरच्यासारखी म्हणूनच पगार तीन वर्षं वाढवत नाही. पलीकडच्या गल्लीत गेलेल्या त्या मुलीला इथे किती मिळत होतं, हे मी ताईंना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पैशांची सोय हल्ली त्या मानानं सोपी झालीय. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. पात्र ठरलेल्या कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं. वसईला सहकारी बँकाही नव्या नाहीत, बसीन कॅथॉलिक बँक १९१८ सालापासूनची. पण कर्जातून चौथं मशिन येईल. कातर कुलपातच राहिली तर त्या मशिनवर बसणारी चौथी मुलगीही हात बांधूनच बसेल.

आणि आता माझी कबुली. ताईंना शहाणपण शिकवणारी मी स्वतः काय करत होते? दर वेळी कापड देताना बजावायचे, ‘‘ताई, तुम्हीच कापा हं, पोरींकडे देऊ नका.’’ गल्लीतली प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणत असणार. मग ताईंनी कातर द्यावी तरी कशी? त्या मुली समोरच बसलेल्या असायच्या, आणि हे सगळं ऐकत असायच्या.

म्हणून गेल्या महिन्यात मी एक सुती साडी घेऊन गेले आणि ताईंना म्हटलं, ‘‘यावरचा ब्लाउज मोठीला कापू द्या. बिघडला तर माझा.’’ ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. ‘‘बघा हं वहिनी, नंतर मला बोलू नका,’’ म्हणाल्या आणि कातर टेबलावर ठेवली. मुलीनं खडूनं खुणा केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या. ताई मागे उभ्या. दोनदा त्यांचा हात पुढे आला, दोनदा त्यांनी मागे घेतला.

गळा अर्धा इंच खोल झाला. पट्टी लावून दुरुस्त केला तिनं. तोच ब्लाउज घालून आज हे लिहायला बसलेय. पुढच्या वेळी कापड टाकायला जाल तेव्हा, मैत्रिणींनो, मागे बसलेल्या मुलीकडेही एकदा बघा, आणि तिचं नाव विचारा.